हळू जाण्याची शर्यत

१९९१च्या फेब्रुवारीत सौदीच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या यान्बूला आखाती युद्ध ऐकू येत नसे. क्षेपणास्त्रे पूर्व किनाऱ्यावर पडत होती; आमच्या तांबड्या समुद्राकाठी रिफायनरीच्या ज्योती नेहमीसारख्या जळत होत्या. युद्ध आमच्याकडे आले ते मोटारसायकलींवरून. पूर्वेकडच्या धाहरानचा ‘शमाल’ हा मोटारसायकल क्लब एका सकाळी सारे वाळवंट ओलांडून आला. धुळीने सर्वांचे चेहरे सारखेच झाले होते. सर्वांत पुढे दापोलीकडचा उस्मान होता, आणि मागून त्याचा धाकटा भाऊ तल्हा पिकअप चालवत होता. त्या पिकअपमध्ये उस्मानची पत्नी ताजुन्निसा आणि चार वर्षांची लाइबा होती.

आमचाही क्लब होता, ‘रेड सी’. पुण्याचा इंद्रनील त्याचा प्रमुख. हुशार इंजिनिअर, मनाने उदार, पण जीभ मोकाट. धाहरानवाल्यांना त्याने पहिल्याच आठवड्यात ‘पळपुटे’ असे नाव दिले. किनाऱ्याच्या रस्त्यावर शुक्रवारी पुढे कोणी राहायचे, यावरून दोन्ही क्लबांत धक्काबुक्कीही झाली. उस्मान मात्र ऐकून न ऐकल्यासारखे करी. एवढ्या धिप्पाड माणसाला इतके गिळता येते, याचे मला नवल वाटे. मी स्वतः अबोल असल्यामुळे मौनांतले फरक मला कळतात, आणि त्याचे मौन भित्र्याचे नव्हते.

एकदा समुद्राकडे पाहत त्याने मला कारण सांगितले. शहर सोडून राहायला कफीलचे, म्हणजे नोकरीला जामीन असलेल्या मालकाचे, पत्र लागते, ते त्याच्यापाशी नव्हते. पोलिसांनी कागद पाहिले की सारे कुटुंब परत धाहरानला जाणार.

“माझा काय, बाळकृष्ण,” तो म्हणाला, “मी सायरनमध्ये पण झोपतो. ही पोर सायरन वाजला की श्वास धरते. सोडतच नाय. ओठ निळे पडतात. लढाई संपेपर्यंत हिला हितं ठेवायची, बस. तोवर मला कोणी काय पण म्हणू दे.”

त्यानंतरच्या शुक्रवारी कंपनीच्या किनाऱ्यावर भारतीय कुटुंबांचा मेळावा भरला. बिर्याणीचे हंडे होते, जिलेबीची कढई होती, आणि दोन्ही क्लबांची मने जुळावीत म्हणून मोटारसायकलींची हळू शर्यत ठेवली होती: जो सर्वांत शेवटी पोहोचेल तो जिंकला, ज्याचा पाय जमिनीला लागेल तो बाद. मी कोणाशी वाद घालत नाही, म्हणून पाय पाहण्याचे काम माझ्याकडे आले. माइक इंद्रनीलच्या हाती होता.

शेवटी उस्मान आणि आमचा एक गडी उरले. उस्मानची गाडी जवळजवळ उभीच होती, आणि तरी चालत होती. एवढा जड देह त्याने श्वासाच्या आधारावर तोलून धरला होता. मला ते फार सुंदर वाटले.

“मंडळी, चमत्कार पाहा,” इंद्रनीलचा आवाज कर्ण्यातून आला, “धाहरानवाले हळू जातायत. एरवी यांना पळायचीच सवय.”

लोक हसले. उस्मानचे चाक ढळलेही नाही. परंतु तल्हा पिकअपपाशी उभा होता.

“पुणेकर,” तो ओरडला, “तुझ्या डोक्यावर मिसाइल पडलं असतं तर माइक टाकून पळाला असतास.”

“माइक कंपनीचा आहे रे. तुझ्यासारखं मागचा-पुढचा विचार न करता टाकून आलो नसतो.”

तल्हाने हेल्मेट फेकले. ते इंद्रनीलच्या खांद्याला लागले, आणि दोन्ही क्लब एकमेकांत घुसले. साखळ्या निघाल्या, गाड्या कोसळल्या, बायकांनी मुले उचलली. मी पाहिले तेव्हा इंद्रनील वाळूत उताणा पडला होता आणि त्याच्या छातीवर बसलेल्या तल्हाच्या हातात टायर काढायची लोखंडी पट्टी होती. ती वर गेली होती.

“तल्हा, खलास!” उस्मान गरजला.

वर्षानुवर्षे आखातात राहिलेल्या माणसाला त्या शब्दाचा एकच अर्थ ठाऊक असतो: पुरे, संपले, सोड. तल्हाने पट्टी तत्काळ टाकली. परंतु आमच्याकडे महिन्यापूर्वीच मुंबईहून आलेले दोन फिटर होते. त्यांच्या कानांनी तो शब्द मुंबईचाच ऐकला. मोठा भाऊ धाकट्याला ‘खलास कर’ म्हणतो आहे, असे समजून ते तंबूचे पाइप उपसून उस्मानवर तुटून पडले.

त्याने हात उगारला असता, तर ते दोघे उभे राहिले नसते. त्याने तो उगारला नाही. डावा हात फक्त डोक्यावर धरला, आणि त्याचे हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. तल्हा झेपावणार तोच उस्मानने उजव्या हाताने त्याची कॉलर पकडून त्याला मागे ओढले.

“अरे, त्यानं थांबवलं त्याला!” इंद्रनील वाळूतून धडपडत उठला आणि मध्ये आडवा झाला. “मला वाचवलं त्यानं, गाढवांनो. थांबा.”

फिटरांचे पाइप गळून पडले. परंतु किनाऱ्याच्या पहारेकऱ्याने फोन केला होता, आणि पोलिसांची जीप वाळूत शिरत होती.

अधिकारी वयस्क होता, कंटाळलेला. त्याने उस्मानच्या हाताकडे पाहून विचारले, कोणी मारले.

“गाडीवरून पडलो,” उस्मान अरबीत म्हणाला.

“शर्यत कसली होती?”

“हळू जाण्याची.”

अधिकाऱ्याच्या मिशीखाली हसू हलले. मग त्याने इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, मागितला. पत्र नव्हतेच. उद्या सकाळी सगळ्या धाहरानवाल्यांनी पूर्वेकडे निघायचे, असे त्याने सांगितले, आणि पान उलटून पत्नीच्या आणि मुलीच्या नावांवर बोट ठेवले.

“या दोघी कुठे आहेत?”

“हिंदमध्ये,” उस्मान म्हणाला.

त्या क्षणी लाइबा पंधरा हातांवर होती, इंद्रनीलची पत्नी पद्मजा हिच्या कडेवर. गोंधळात पद्मजानेच तिला उचलले होते. ताजुन्निसा दुसऱ्या बायकांत अंगभर काळ्या अबायात उभी होती. मुलीकडे तिने हात केला नाही, पाहिलेही नाही. उस्मानही पाहत नव्हता. बापाचा लोंबता हात पाहून लाइबाचे ओठ उघडले. ‘अब्बा’ हा एक शब्द, की सारे संपले असते.

“ए सोनू, आ कर,” पद्मजा म्हणाली, आणि तिने अख्खी जिलेबी त्या उघड्या तोंडात सारली. “हळू खा गं. तुझ्या बाबासारखी घाई नको. बघ कसा वाळूत लोळून आलाय.”

तिने इंद्रनीलकडे बोट दाखवले. त्याने मान खाली घालून कपडे झटकले. अधिकाऱ्याने त्या पाकाने माखलेल्या पोरीकडे पाहिले, इकामा मिटला आणि जीपकडे वळला.

दुसऱ्या सकाळी ‘शमाल’ निघाला. प्लास्टर घातलेला उस्मान पिकअपमध्ये तल्हाच्या शेजारी बसला होता. ताजुन्निसा आणि लाइबा पद्मजाच्या घरी राहिल्या. आमचा क्लब त्यांना पोहोचवायला गेला, आणि कोणी न सांगता त्यांच्या मागे राहिला.

मदिनेच्या अलीकडे रस्ता फुटतो. सरळ रस्ता मदिनेत जातो, तो फक्त मुसलमानांचा. आम्हांला तेथून वळावे लागते. पाटीखाली सारे थांबले. ज्या दिशेची आग टाळून हा माणूस आला होता, तिकडेच तो परत निघाला होता, आणि त्याचा चेहरा आपल्या माणसांची पाठ राखून झालेल्या माणसासारखा शांत होता. इंद्रनील पिकअपच्या खिडकीशी गेला.

“उस्मानभाई, मी काल जे...”

“ते सोड. तुमच्या प्लांटचा भोंगा वाजतो ना, शिफ्टचा? तेव्हा घरी कोण असतं?”

“पद्मजा. संध्याकाळी मी.”

“पोरीनं श्वास धरला तर हलवू नको, ओरडू नको. फुंकर घालायची. सुटतो.”

इंद्रनीलने मान हलवली. मग पुन्हा वाकून, अगदी हळू आवाजात विचारले, “तोंडावर?”

“नाकावर,” उस्मान म्हणाला, आणि त्याने तल्हाला गाडी सुरू करायला सांगितली.