वजनापुरता माणूस

चौथी गोणी मोनिकानं बोटीत ठेवली नाही, आपटली. पत्र्याचा तळ दणाणला आणि मागच्या उंच खुर्चीवर बसून पंख्याची जाळी तपासणाऱ्या तिच्या भावानं, आदिनाथनं, मान वळवली.

"हळू की जरा. पोचा पडंल."

"पडू दे," ती म्हणाली आणि पाचवी गोणी आणायला काठावर गेली.

गोण्या युरियाच्या होत्या आणि त्यांत वाळू भरली होती. एक गोणी म्हणजे एक पाहुणा. उद्या सकाळी पुण्याहून पहिली मंडळी येणार होती, धरणाच्या फुगवट्यावर थंडीत उतरणारे पक्षी बघायला. त्याआधी भरल्या वजनानं बोट चिखलावरून कशी चालते, कुठं वळते, कुठं रुतते, ते आदिनाथला पाहून ठेवायचं होतं. पाच गोण्यांतच वाळू संपली. तेव्हा त्यानं घराच्या ओट्याकडं बघून हात हलवला आणि त्यांचे वडील, रंगनाथआप्पा, पायजमा वर खोचत चिखलातून खाली आले. सहाव्या पाहुण्याच्या जागी आप्पा बसले.

"वजनापुरते," आदिनाथ हसत म्हणाला. आप्पांना ऐकू येत नव्हतं. मुलगा हसला म्हणून तेही हसले.

ही बोट म्हणजे कानामागून आली आणि तिखट झाली, अशातली गत होती. आदिनाथनं ती मोबाईलवर पाहिली होती. कुठल्याशा परदेशातली दलदल, सपाट तळाची बोट, मागं माणसाएवढा पंखा. पाणी असो, चिखल असो, गवत असो, पंख्याच्या वाऱ्यावर ती आपली सरकत जाते. भिंगारच्या परवेझभाईच्या वर्कशॉपमध्ये त्यानं तशीच बनवून घेतली, एका जुन्या गाडीचं इंजिन बसवून. परवेझभाईचं काम चोख, त्याबद्दल कुणाला नाव ठेवता येणार नाही. पण मोबाईलवरच्या व्हिडिओला गाणं लावलेलं होतं, त्यामुळं असल्या बोटीचा आवाज काय असतो, हे ती घरी येऊन चालू होईपर्यंत कुणाला कळलंच नाही. पहिल्या दिवशी शेजारच्या म्हशीनं दावं तोडलं. दुसऱ्या दिवशी आदिनाथनं कानावर लावायचे जाड मफ आणले, प्रत्येक सीटला एक. प्रश्न सुटला, असं तो म्हणाला.

त्याचा सुटला होता. मोनिकाचा तिथूनच सुरू झाला.

गेली तीन वर्षं थंडी पडली की फुगवट्यावर पक्षी दाखवायला तीच माणसं नेत होती, छगनमामांच्या वल्ह्याच्या होडीतून. दोन-चार माणसं, कधी एखादं जोडपं, कधी कॉलेजची पोरं. मामा आवाज न करता वल्हं टाकायचे आणि ती दबक्या आवाजात सांगत जायची, तो बघा चक्रवाक, त्या लांब लाल पायांच्या शेकाट्या, हलू नका, आता ते गुलाबी रोहित पक्षी मान वर काढतील. कुठला पक्षी कुठल्या चिखलात बसतो हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. गुडघाभर गाळात उभं राहून, सर्दी-खोकले काढून ती ते शिकली होती. बाभळीचा कोपरा, शेकाट्यांचं डबकं, बुडक्या विहिरीची वाट, ही नावंही तिनंच पाडलेली. आता तीच नावं आदिनाथच्या फलकावर आली होती आणि फलकावर सगळ्यात मोठं नाव त्याचं स्वतःचं होतं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा. आणि नागोबा सख्खा भाऊ असला की त्याला दूध पाजायचं कामही घरातल्याच माणसांकडं येतं.

आज सकाळी चहा पिता पिता त्यानं तिला सांगून टाकलं होतं. बोटीत सहा जागा, गाईड बसली की एक पाहुणा कमी. शिवाय इंजिन चालू झालं की सगळ्यांच्या कानांवर मफ, मग गाईडनं बोलायचं तरी कुणाशी. त्यापेक्षा तिनं निघायच्या आधी काठावर थोडं बोलावं, पक्ष्यांची नावंबिवं सांगावीत, आणि मंडळी परत येईपर्यंत पूजाला पोह्यांना हातभार लावावा. पूजा म्हणजे त्याची बायको. मोनिकानं वाईट वाटून घेऊ नये, असंही तो म्हणाला, दोनदा म्हणाला, आणि दुसऱ्यांदा म्हणताना त्याचं सगळं लक्ष चहात बुडवलेल्या बिस्किटाकडं होतं.

वाईट वाटायला मोनिकाला वेळच मिळाला नाही, इतका राग आला.

त्या रागाला आणखी एक धार होती, आणि ती तिला स्वतःलाच कापत होती. मागच्या आठवड्यात जेवताना आदिनाथ आणि पूजा बोलत बसले होते. पाहुणे मुक्कामाला राहायचे तर त्यांना पाण्याकडच्या खिडकीची खोली द्यावी लागणार. ती खोली आप्पांची. मग आप्पांना थंडीभर तिसगावला ठेवावं, रतनबाईआत्याकडं. आत्याला बरं नाही, चार दिवस सोबतीला जा, असं सांगितलं की ते जातील, आणि चार दिवसांचे चार महिने आपोआप होतील. हे सगळं टीव्हीकडं तोंड करून बोलणं चाललं होतं आणि आप्पा शेजारीच पाटावर बसून भाकरी कुस्करत होते.

ती खिडकी म्हणजे आप्पांना काय होती, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. सुप्याच्या एमआयडीसीत पत्र्याच्या प्रेसवर राबून राबून त्यांचे कान गेले होते. कान गेल्यावर माणसाला डोळेच उरतात. ते सकाळपासून त्या खिडकीत बसून पाणी बघायचे. आई होती तोवर तिची आणि त्यांची एक वेगळीच बोली चालायची. ती अंगणाच्या या टोकाला उभी राहून आवाज न करता नुसते ओठ हलवायची आणि ते त्या टोकावरून तिला उत्तर द्यायचे. आई गेली तशी ती बोलीही घरातून गेली. आता पूजा ताट दाखवायची, आदिनाथ हातवारे करायचा. समोर बसून, तोंडाकडं तोंड करून, सावकाश बोलायला कुणाला सवड नव्हती. मोनिकालाही नव्हती.

त्या दिवशी जेवताना मोनिका एवढंच बोलू शकली असती की असं करू नका. बोलली नाही. बोट आली की तुझं काम वाढेल, असं आदिनाथनं तेव्हा कबूल केलं होतं, आणि ती मुकाट्यानं ताटावरून उठली होती.

"पुढं बस," आदिनाथनं आता तिला सांगितलं. "तोंड माझ्याकडं कर आणि हातानं दाव, डावीकडं का उजवीकडं. आजच्या दिवस. एकदा वाट कळली की झालं."

ती बोटीच्या नाकाडावर पाण्याकडं पाठ करून बसली. समोरच्या फळीवर आप्पा, त्यांच्या दोन्ही बाजूंना आणि मागं गोण्या, आणि त्या सगळ्यांच्या वर, पंख्यापुढच्या उंच खुर्चीवर आदिनाथ. त्यानं मफ कानावर चढवले, एक जोडी तिच्याकडं फेकली. तिनं फळीखाली अडकवलेली आणखी एक जोडी काढून आप्पांपुढं धरली.

"त्यांना कशाला?" आदिनाथ म्हणाला. "त्यांचं काय जायचं राहिलंय?"

मोनिका हसली नाही. असले मफ त्या कारखान्यात तेव्हा कुणी दिले असते तर, असं तिच्या मनात येऊन गेलं. पण तिनं ती जोडी परत जागेवर अडकवली.

इंजिन सुरू झालं. मफमधूनसुद्धा तो आवाज दातांत शिरत होता. बोट चिखलावरून घसरत निघाली, गवताच्या पात्या दोन्हीकडं आडव्या पडत गेल्या. तिनं उजवा हात केला. आदिनाथ थोडा वेळ उजवीकडं गेला आणि मग त्याला लांबवर बाभळीच्या कोपऱ्यात गुलाबी रेघ दिसली. तिनं पुन्हा उजवा हात केला, दोन्ही हातांनी नको नको केलं. त्यानं सरळ डावीकडं घातली.

"चोर हायेस तू, दादा," ती म्हणाली.

तिचा आवाज तिला स्वतःलाही ऐकू आला नाही. आदिनाथनं अंगठा वर केला.

मग तिला कुणी थांबवणारं नव्हतं. ती ओरडून ओरडून बोलू लागली. तीन वर्षं गाळात मी उभी राहिले आणि फलकावर नाव तुझं लागलं, हे बोलली. ज्याच्या हाती ससा तो पारधी, पण ससा माझ्या हातातून हिसकावलास, हे बोलली. लहानपणापासून घरात नवं काही आलं की ते आधी तुझं आणि मोडलं की माझं, हेही बोलली. राग असा की एक उपसला की त्याच्याखाली दुसरा सापडत होता. तेवढ्यात रोहित उठले. सगळा थवा एकदम, पंखांखालचा लाल-काळा रंग उघडा करत, त्यांच्या डोक्यांवरून गेला. आदिनाथचं तोंड आनंदानं उघडं पडलं. एका हातानं बोट सांभाळत तो दुसऱ्या हातानं मोबाईलवर व्हिडिओ काढायला लागला.

तिनं त्यालाही शिव्या घातल्या. ते तिथं चरायला, दम खायला बसतात, हा देखावा नव्हे. असा एकदा उठवलेला थवा उद्या तिथं उतरणार नाही आणि तुझ्या पुण्याच्या पाहुण्यांना नुसता चिखल दिसेल, मग त्यांना पोहे खायला घाल. आदिनाथनं पुन्हा अंगठा दाखवला. हा सगळा आनंद ती त्याच्यासारखाच साजरा करते आहे, असं बहुधा त्याला वाटत होतं.

"आणि आप्पांची खोली पाहुण्यांना देतोस," ती म्हणाली. आता ती ओरडत नव्हती, एकेक शब्द चावून बोलत होती. "खिडकीची खोली. त्यांना तिसगावला नेऊन टाकतोस, आत्याला बरं न्हाई म्हणून खोटं सांगून. आणि मी ऐकून घेतलं. आप्पा गेले तर जाऊ देत, मला तरी बोटीत घेशील, असं वाटलं मला. म्हणून गप बसले."

हे शेवटचं ती भावाला सांगत नव्हती. पंख्यानं तेही उडवून नेलं. बोलून झाल्यावर तिला मोकळं वाटलं आणि अशा फुकटच्या मोकळेपणाची लगेच चीडही आली. थवा अजून वरच घिरट्या घालत होता. आदिनाथ वर बघत होता, तीही वर बघायला लागली. आप्पा तेवढे समोर बघत बसले होते. ते वर बघत नाहीत, हे तिच्या लक्षात आलं, पण त्यात काही आहे असं तिला वाटलं नाही.

काठाला लागल्यावर इंजिन बंद झालं. कानांत घुमणारी शांतता थोडी विरली तसा आदिनाथ बोलत खाली उतरला. वळण मस्त घेते, रुतत कुठंच नाही, रोहित काय उडाले, उद्या त्याच अंगानं घालायची. त्यानं दोर बाभळीला बांधला, आप्पांना उतरायची खूण केली आणि एक गोणी उचलून खांद्यावर घेतली.

आप्पा उठले नाहीत. ते मोनिकाकडं बघत होते. डोळ्यांकडं नाही, डोळ्यांच्या किंचित खाली. अंगणाच्या त्या टोकावरून ते आईकडं असंच बघायचे.

मोनिकाचा हात आपोआप तोंडावर गेला. त्याचा आता उपयोग नव्हता.

"रतनला बरं न्हाई म्हनं," आप्पा म्हणाले. त्यांचा आवाज वर जायचा नाही, खाली यायचा नाही, नुसता मोठा. गोणी घेऊन चाललेला आदिनाथ जागीच थांबला.

"तू बी गप बसलीस व्हय?"

तिनं हात खाली घेतला, त्यांना दिसावं म्हणून.

"व्हय, आप्पा."

त्यांनी मान हलवली. चेहऱ्यावर रागही धड दिसेना. मग शेजारची गोणी त्यांनी अंगाजवळ ओढून घेतली, पाय तळाला नीट रोवले आणि पाठ सरळ करून बसले. काय झालं, आप्पा का उतरत नाहीत, त्यांना तिसगावचं कुणी सांगितलं, आदिनाथ एकामागून एक विचारत होता. आप्पांनी त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

"त्याला काय बी ऐकू गेलं न्हाई," ते मोनिकाला म्हणाले. "परत सांग. पयल्यापासनं सांग. तवर मी बसतो हितंच."

मोनिका बोटीतून चिखलात उतरली. आदिनाथच्या खांद्यावर गोणी अजून तशीच होती.