कोट नीट दिसेल अशी जागा

नवऱ्याला घेऊन सिनेमाला जाण्यापेक्षा शिलाई मशीन डोक्यावर घेऊन जिना चढलेलं परवडलं, असं टेलरबाईंचं ठाम मत झालं, तेव्हा पडद्यावर जाहिराती चालू होत्या आणि नवराबायको तिसऱ्या जागेवर बसून होते.

थिएटर जुनं. तिकिटावर नंबर नाही. आधी येईल त्याने हवं तिथे बसावं. ही मोकळीक इतरांना सोयीची, पण बाईंच्या नवऱ्याला, वायरमनसाहेबांना दिली म्हणजे माकडाच्या हाती कोलीत! पहिल्या जागेवर डोक्यावरचा पंखा कुरकुरत होता. "बेअरिंग गेलंय त्याचं," ते वर बघत म्हणाले, जसा काही सिनेमा छतावरच दाखवणार होते. दुसऱ्या जागेला भिंतीवरचा स्पीकर कानाशी. आता तिसरीच्या पुढे एक लांबलचक गृहस्थ येऊन बसले, तेही टोपी घालून.

"अहो, तुमच्या पाया पडते, पण आता हलू नका!"

"अगं, तुझ्यासाठीच चाललंय ना? तुझं काम कसं मधोमध बसून बघायला हवं."

आता काम म्हणजे काय, तर एक कोट. राखाडी, लोकरी, गुडघ्यापर्यंत. बाईंनी आयुष्यभर शाळेचे गणवेश शिवले, लोकांच्या पँटी आखूड केल्या, पडद्यांना झालरी लावल्या. सिनेमावाल्यांचा कोट मात्र पहिल्यांदाच. नटाला ट्रायलला यायला सवड नव्हती. नुसती मापं आली, आणि ती नेमकी नवऱ्याच्या मापांना जुळली. मग काय! वायरमन कामावरून आले की शिडी भिंतीला टेकवायची आणि कोट घालून खिडकीपाशी उभं राहायचं. हलले की टाचणी टोचायची. "मी काय पुतळा आहे का?" असं करवादायचे, पण उभे राहायचे. कोट त्यांच्या अंगावर असा बसला, की काढून देताना दोघांच्याही जिवावर आलं.

कोट न्यायला आलेल्या बाईने बजावलं होतं : अगदी सुरुवातीलाच आहे, नट पाठमोरा चालत जातो, एकदाच दिसतो, चुकवू नका. बाकीच्या सिनेमाशी टेलरबाईंना काडीचं देणंघेणं नव्हतं.

दिवे मालवले.

"त्या बघ, मधल्या रांगेत दोन रिकाम्या!"

"मी उठणार नाही. मेले तरी उठणार नाही."

पण ते निघालेसुद्धा, आणि सांभाळायला दिलेली बाईंची पर्स घेऊन निघाले. पर्समध्ये चष्मा! झक मारत बाई मागे धावल्या. अंधारात "जरा पाय घ्या", "माफ करा हं" करत, कुणाच्या तरी पॉपकॉर्नची वाट लावत त्या रांगेच्या मध्यावर पोचतात न पोचतात, तोच पडद्यावर एक लांब, ओला रस्ता उजळला. बाईंनी पर्स हिसकावली, चष्मा चढवला आणि होत्या तिथेच उभ्या राहिल्या.

"ओ बाई, खाली बसा!"

"डोकं घ्या बाजूला!"

"गप बसा सगळे! माझा कोट आहे तो!"

खरंच सगळे गप बसले. कोट चालत चालला होता. पाठीची शिवण सरळ, कॉलर मानेला अलगद चिकटलेली. आणि डावा खांदा? डाव्या खांद्यावर कापड फुगून वर आलं होतं.  तिथे बाईंनी पॅड जाड घातलं होतं. नवऱ्याचा डावा खांदा शिडी वाहून वाहून उतरलेला. त्यांचा प्रत्येक शर्ट, प्रत्येक जाकीट बाई डावी बाजू भरून शिवत. हाताने सवयीने तेच केलं. त्या नटाने जन्मात कधी शिडी उचलली होती?

कोट वळणावरून गेला. बाई मटकन बसल्या. त्यांना रडूही येत होतं आणि नवऱ्याला बुकलून काढावंसंही वाटत होतं.

"काय झकास दिसला गं!"

"डोंबलाचा झकास! डावा खांदा फुगलाय नुसता. तुमचा खांदा शिवलाय मी त्याला! आयुष्यात एक कोट सिनेमात गेला, तोही तुमच्या खांद्याचा!"

"माझ्या खांद्याला काय झालंय?"

"उतरलाय. कित्येक वर्षं झाली."

 उजव्या हाताने वायरमनसाहेबांनी डावा खांदा चाचपून पाहिला.

"मला कधी कळलंच नाही," ते हळूच म्हणाले. "माझे कपडे तर कसे सरळ बसतात."

"बसतीलच!" बाई खेकसल्या. मागून कुणीतरी "शूऽऽ" केलं.

 मग वायरमनसाहेबांची चुळबुळ सुरू झाली. मान वळवून ते भिंतीकडच्या टोकाला काहीतरी हेरू लागले.

"ऐक ना. पुढच्या खेळाला परत बघू. त्या टोकाला बसलो ना, तर डावा खांदा दिसायचाच नाही." आणि अंतर बघायला ते अर्धवट उठले.

बाईंनी त्यांचा डावा खांदा धरून त्यांना खाली बसवलं, आणि मध्यंतरापर्यंत हात तिथून काढला नाही.