सत्यदेवीचा चेहरा

ब्रॅमलो कॅसल हा नुसता नावाचाच कॅसल. इंग्लंडच्या हिअरफर्डशायरमधल्या त्या टेकडीवर कुणी कधी तलवार उपसली नव्हती. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला सैन्याला बूट पुरवणाऱ्या एका ठेकेदाराने तो बांधला. ते बूट म्हणे पहिल्याच पावसात तळ सोडायचे. सैनिक अनवाणी चालले, ठेकेदाराला मात्र ‘सर’ ही पिढीजात पदवी मिळाली, आणि एकदा पदवी मिळाल्यावर साधं घर कसं पुरणार? मग बरोक थाटाचा घुमट आला, खांबांच्या रांगा आल्या, गच्चीवर एकदाही न उडालेल्या तोफा आल्या आणि जेवणाच्या मोठ्या हॉलच्या छतावर ढगांत लोळणारे गुबगुबीत देव आले.

त्या देवांच्या नाकासमोर, परांचीवर उताणी पडून, सिप्पोराने २००३चा उन्हाळा काढला. भायखळ्यात वाढलेली, जुनी चित्रं दुरुस्त करायला लंडनमध्ये शिकलेली आणि तिथेच राहिलेली ही बाई साठीला आली होती. कापसाचा बोळा तोंडात ओला करायचा आणि काजळी टिपायची, हे तिचं रोजचं काम. या कामाला थुंकीसारखं औषध नाही.

“ताई, मालकांच्या खानदानावर दिवसभर थुंकायचं आणि वर पगार घ्यायचा,” शेजारी सोन्याचा वर्ख लावणारी कस्तुरी म्हणाली. ती मूळची पुण्याची, आणि त्या परांचीवर मराठी कळणाऱ्या त्या दोघीच.

“हळू बोल. खाली उभा आहे.”

“उभा असू दे. त्याला काय कळतंय!”

खाली सर ह्यूगो, त्या ठेकेदाराचे वंशज, पाहुण्यांना सांगत होते की छताचं नुकसान जर्मन बॉम्बमुळे झालं. गावातल्या पबमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, की त्यांच्या आजोबांनी जुगारापायी छपरावरचे शिशाचे पत्रे विकून टाकले होते आणि पुढे तीस वर्षं पाऊस सरळ देवांच्या अंगावर गळत राहिला.

त्या पाण्याने छताच्या मधोमध उभ्या असलेल्या सत्यदेवीचा चेहरा धुऊन नेला होता. हातातला आरसा शाबूत होता, मानेवरची बट शाबूत होती, मधे नुसता पांढरा गिलावा. मूळ चेहऱ्याचं रेखाटन कुठे उरलं नव्हतं. त्यामुळे तिथे फिका वाळूसारखा रंग भरून सोडून द्यायचं, मनाने काही काढायचं नाही, असं ठरलं होतं.

ऑगस्टमध्ये सर ह्यूगो हेल्मेट घालून धापा टाकत वर आले.

“तिथे आयोनाचा चेहरा काढा,” ते म्हणाले. “माझी बायको. लग्नाच्या वाढदिवसाची भेट.”

“हे दुरुस्तीचं काम आहे,” सिप्पोरा म्हणाली. “फोटो स्टुडिओ नाही.”

ते हसले. नोकरमाणसाने विनोद केला की हसतात तसं. दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवर देखरेख करणाऱ्या आर्किटेक्टने तिला बाजूला घेतलं. तुम्ही नाही केलंत तर ते दुसऱ्या कुणाला बोलावतील, तो म्हणाला, आणि तो गडी काय फासेल देव जाणे. सिप्पोराने मनातल्या मनात त्याच्या कण्याची चौकशी केली. पण मुद्दा खरा होता. निदान ती स्वतः पाण्यात विरघळणारे रंग वापरेल आणि आजूबाजूच्या मूळ चित्राला धक्का लागणार नाही. ती कबूल झाली. तो आठवडाभर ती कस्तुरीशीही धड बोलली नाही.

आयोना चित्रासाठी बसायला आली तेव्हा सिप्पोराने तिच्यासाठी अपमान तयारच ठेवला होता. मोत्यांची माळ, ताठ मान, अशी कुणीतरी तिच्या डोळ्यांसमोर होती. आली ती मळका स्वेटर घातलेली, पन्नाशीची, डोळ्यांखाली काळं असलेली बाई. लग्नाआधी ती गुराढोरांची डॉक्टर होती.

“मला कशी काढणार तुम्ही?” तिने विचारलं.

“तुमच्या नवऱ्याला हवी तशी.”

“मग मी इथे कशाला बसलेय?”

सिप्पोरा पेन्सिलीला टोक काढू लागली. आयोनाच पुढे म्हणाली, “हे पुसता येतं का पुढेमागे?”

“ओल्या कापसाने. अर्ध्या तासात.”

“बरं झालं,” आयोना म्हणाली आणि पहिल्यांदा खुर्चीत सैल बसली.

सिप्पोराने तिला जशी होती तशी काढली. डोळ्यांखालचं काळं, ओठांच्या कडेचा कंटाळा, सगळं. खालून ते राजेशाही गांभीर्य वाटलं. उद्घाटनाच्या दिवशी सर ह्यूगो ‘मूळ सौंदर्य पुन्हा प्राप्त’ असं बोलले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. आयोना दारापाशी उभी होती, तिने वर बघितलंही नाही. सिप्पोराला मात्र चोरून बघावंसं वाटत राहिलं. इतका खरा चेहरा तिच्या हातून कधी उतरला नव्हता, आणि तो उतरला होता या खोटारड्या घरात. तिला स्वतःचाच राग आला.

दोन वर्षांनी सर ह्यूगोंचा फोन आला. आयोना घर सोडून एडिनबराला गेली होती. पुन्हा गुरांवर उपचार करत होती म्हणे. आता वसंतात सर ह्यूगोंचं दुसरं लग्न होतं, तेव्हा देवीचा चेहरा जरा बदलायचा होता.

सिप्पोरा आणि कस्तुरी गेल्या. छोटी परांची उभारली. सिप्पोराने आयोनाचे डोळे टिपले, मग नाक, मग ओठ. बोळे गुलाबी होत गेले. कस्तुरी ते डब्यात टाकत गेली. मग सिप्पोराने तिथे वाळूचा फिका रंग भरला आणि खाली उतरली.

“आणि क्लॅरिसा?” होणाऱ्या बायकोच्या फोटोंचं पाकीट पुढे करत सर ह्यूगोंनी विचारलं.

“क्लॅरिसाबाईंना भिंतीवर टांगा. छतावर मी आता कुणालाच चढवणार नाही.”

“मी दुसरा माणूस बघेन.”

“बघा,” ती म्हणाली. गाडीत बसताना तिला ते बोलणं फार झकास वाटत होतं.

त्यांनी खरंच दुसरा माणूस बघितला. लग्नानंतरच्या हिवाळ्यात आर्किटेक्टचा फोन आला. क्लॅरिसा सहा महिन्यांत निघून गेली होती. तो रंगारी तैलरंग वापरून गेला होता. चेहरा घोड्यासारखा लांब झाला होता आणि टूरिस्ट त्याच्याखाली उभे राहून हसत होते. पुसून देता का?

“तेल गिलाव्यात मुरलं का?”

“मुरलंय. मानेवरच्या बटेपर्यंत.”

सिप्पोरा खुर्चीत बसली. ती बट तिने उन्हाळाभर जपली होती. एका रेषेत, एका दमात कुणीतरी ती काढली होती, तीनशे वर्षांपूर्वी, उताणं पडून, आणि त्या माणसाचं नावही कुणाला ठाऊक नव्हतं. त्या दिवशी झकास उत्तर देऊन निघून येण्याऐवजी क्लॅरिसाचं नाक काढून दिलं असतं, तर ती बट वाचली असती.

“नाही निघणार,” ती म्हणाली. “काढायला गेलात तर बटही जाईल. सर ह्यूगोंना सांगा, जेवायला दुसऱ्या खोलीत बसा.”

फोन ठेवून तिने कस्तुरीला फोन लावला, आणि दोघी बराच वेळ, अगदी अस्सल मराठीत, सर ह्यूगोंना शिव्या देत बसल्या.