चुना लावलेला दगड

आबा गेले त्याला पाच महिने झाले होते. अतुलला वडिलांचं शिरोलीजवळचं रान एका कारखानदाराला विकायचं होतं, म्हणून त्यानं सरकारी मोजणी मागवली. सुवार्ता त्याची थोरली बहीण. ती सकाळीच राजारामपुरीहून आली.

शेजारच्या बायडाबाईलाही नोटीस गेली होती. तिनं नुसता निरोप धाडला : "आबांनी पुरलेला हद्दीचा दगड हाय. मी उनात कशाला मरू?"

तिचं काही चुकलं नव्हतं. आबा गावच्या ख्रिस्ती देवळात उपदेश करायचे आणि दर साली पेरणीआधी पोरांना घेऊन रानाच्या चारी कोपऱ्यांवर प्रार्थना करायचे. देवानं इस्राएलाच्या वंशांना चिठ्ठ्या टाकून जमीन वाटून दिली, म्हणजे शेजाऱ्याचा वाटाही देवाच्याच हातचा. त्याची मेर, म्हणजे हद्द, सारणारा देवाच्या घरात चोरी करतो, असं ते सांगत. "आणि दगड काय रानातच असतो व्हय? दुधात पाणी घालाय हात गेला, तिथं दगड हाय. दुसऱ्याच्या घरातली गोष्ट चावडीवर न्याय निघालास, तिथं बी दगड हाय." नुकतीच विधवा झालेली बायडाबाई बांधावर बसून ऐकायची. पुढं ती देवळात येऊ लागली. त्याला आता अठ्ठावीस वर्षं झाली होती.

मोजणीदाराचं लाल निशाण दगडापाशी लागलं नाही. ते अकरा फूट अलीकडं, अतुलच्याच उसात उभं राहिलं.

"पावणं, म्हातारीचं गुंठाभर तुमच्यात आलंय की," मोजणीदार हसला. "दगडाला पाय फुटलं म्हणायचं!"

"नांगरटीत सरकतोय," अतुल म्हणाला. मग बहिणीला बाजूला घेऊन हळूच, "आहे तो बांध मान्य हाय, असा कागद करतो. दुपारी तिचा अंगठा घेतला की मिटलं. अक्का, तू मधी पडू नगंस."

सुवार्ता दगडाकडं बघत राहिली. चारपैकी तीन दगडांना आबा जागेवरच चुना लावायचे. हा एकच पहारीनं उपटायचे. चिखल बसलाय म्हणून पाटात धुवायचे, चुना लावायचे आणि पुन्हा पुरायचे. "वाईच पुढं घेऊ, हितं माती घट्ट हाय." चुन्याची बादली धरायला ती असायची. दगड बसला की भोवतीची माती नाचून नाचून तीच दाबायची, आणि मग आबा टोपी काढून प्रार्थना करायचे.

ती तडक बायडाबाईच्या दारात गेली.

"सलाम, मावशी."

"सलाम. वाळलीस गं, पोरी. बस, च्या टाकते."

सुवार्ता बसली नाही. जे होतं ते तिनं उभ्यानंच सांगितलं.

"थोबाड फोडीन!" बायडाबाई कडाडली. "मेलेल्या बापावर बालंट घेतीस? नांगरानं सरकला आसंल दगड."

"नांगरानं नाही. बादली मी धरली होती."

"बाकीचं तीन दगड?"

"ते कधी उपटले नाहीत."

बायडाबाई चुलीपुढं बसली. दूध उतू गेलं, तरी ती उठली नाही.

"नवरा गेला तवा हिरीत उडी टाकाय निघालती मी," ती म्हणाली. "तुज्या बापाचं ते बोलणं ऐकून मागं फिरले. देवानं माजा बी वाटा राखलाय म्हणून. आन् तोच माणूस… आता मी काय खरं मानू, सांग की. शिकलीयास न्हवं?"

सुवार्तानं आयुष्यभर पुस्तकं वाचली होती. तिनं उतू गेलेलं दूध खाली उतरवलं.

तेवढ्यात कागद आणि शाईची डबी घेऊन अतुल आला. "मावशी, जरा अंगठा…"

बायडाबाईनं हात पदराखाली घेतला. "जा बाबा तू. माजा वाटा मी घेणार हाय." मग सुवार्ताकडं वळून म्हणाली, "उद्या रईवार. तुज्या बापानं देवळात उभं ऱ्हाऊन सांगितलं, तू बी तिथंच सांग. सगळ्यांच्या म्होरं. न्हाईतर ह्या दारात पुन्यांदा येऊ नगंस."

"अक्का," अतुल म्हणाला, "आबांचं नाव मातीत जाईल."

सुवार्तानं त्याच्याकडं बघितलं नाही.

"उपासना नऊला आहे, मावशी," ती म्हणाली. "मी न्यायला येते."