नऊ वल्ह्यांचं अंतर

मी कॅमेऱ्याची वाइड लेन्स बोलतेय. मला साक्ष द्यायची आहे, आणि तीही स्वतःच्याच विरोधात.

आधी माझा स्वभाव सांगते. जवळचं असेल ते मी मोठं करते, लांबचं असेल ते आणखी लांब ढकलते. कारखान्यातच मला तशी घासून घडवली. पहिल्या मालकानं मला रिसॉर्टच्या जाहिरातींना जुंपलं. दहा बाय दहाची खोली मी दिवाणखान्याएवढी दाखवायचे. लोक पैसे भरून यायचे आणि दारातच थबकायचे. मला तेव्हा त्याची गंमत वाटायची.

पुढे अलिबागच्या निकेतनं मला जुन्या बाजारातून घेतलं. पोरगा गुणी. फोटोग्राफीच्या शिकवणीला येणाऱ्या मुलांना सांगायचा, "कागद सपाट असतो. त्यात खोली आपण आणायची. एक वस्तू अगदी पुढे, एक मध्ये, एक पार मागे. नजरेला चालायला वाट द्या."

मे महिन्यात तो मला घेऊन बोर्ली पंचतनच्या पुढच्या एका कोळीवाड्यात गेला. तिथं दर्या दरवर्षी किनारा खात होता. सुरूची अकरा झाडं होती, दोन उरली होती. त्यांच्या मागे पहिलं घर तुळशी कोळणीचं. बंधारा मिळावा म्हणून वाडीनं अर्ज केला होता आणि सरकारी कार्यालयानं फोटो मागितले होते.

निकेत तुळशीच्या दारात गुडघ्यावर बसला. घराची पायरी अगदी पुढे घेतली, मध्ये उपडी होडी, तिचा दोर थेट पाण्याकडे गेलेला. तुळशी वल्हं घेऊन पाण्याच्या कडेला उभी राहिली. त्याआधी तिनं त्याच वल्ह्यानं अंतर मोजलं होतं. दारापासून भरतीच्या खुणेपर्यंत नऊ वल्ही.

परत येऊन तिनं कॅमेऱ्यात डोकावलं आणि खो खो हसली.

"अगो बाय! मी येवरीशी हाय का रं, बाला? नी दर्या कुठं धाडलास, रेवसला?"

"मावशी, याला डेप्थ म्हणतात. फोटो आपणहून बोलला पाहिजे."

"बोलू दे. पन खरा बोलतोय ना?"

निकेत हसला. पिशवीत साधी लेन्स होती, डोळ्याला दिसतं तसंच दाखवणारी. त्यानं ती काढली नाही.

अलिबागच्या कार्यालयात साहेबांनी चहा पिता पिता फोटो पाहिला. "वा! पण समुद्र बराच लांब दिसतोय." शेरा पडला : तातडीचा धोका नाही. वाडीत कोणी पाऊल टाकलं नाही. याच साहेबांची गाडी दर रविवारी किनाऱ्यावरच्या बंगल्यांवर जेवायला जाते, तेव्हा रस्ता लांब पडत नाही!

त्याच आठवड्यात त्या फोटोला प्रदर्शनात पहिलं बक्षीस मिळालं. निकेतच्या गळ्यात हार होता, तेवढ्यात तुळशीचा फोन आला. तिनं शेरा वाचून दाखवला. शिवी दिली नाही. एवढंच म्हणाली, "बाला, तुझा फोटू बोलला रं."

निकेतनं हार तिथंच काढून ठेवला.

जुलैत तो पुन्हा गेला. या वेळी मला पिशवीत ठेवून साधी लेन्स लावली. दोन्ही सुरू आडवे झाले होते. होडी मागे ओढून पडवीला बांधली होती. तुळशीनं वल्हं टाकलं : पाच.

ते फोटो घेऊन तो कार्यालयात उभा राहिला. साहेबांनी जुना नि नवा, दोन्ही शेजारी ठेवले.

"दोन महिन्यांत एवढा समुद्र पुढे येतो होय? हा दुसरा फोटो काहीतरी करून काढलाय."

"साहेब, पहिलाच तसा काढला होता. चूक माझी आहे. तुम्ही एकदा येऊन बघा."

"पहिल्याला बक्षीस मिळालंय ना? मग?"

जो खोटं दाखवत होता तो पुरावा ठरला, आणि खरा होता तो बनाव! फाईल बंद झाली.

आज श्रावणातली अमावास्या. बाराला मोठं उधाण आहे. आकाश सकाळपासून काळं आहे आणि वाडीतली कुत्री डोंगराकडे निघून गेली आहेत. शेजारच्या हरेश्वरनं आपली माणसं देवळात नेली. तुळशी गेलेली नाही. भांडी माळ्यावर चढवून ती दारात उभी आहे. निकेत तिचा हात ओढतो आहे.

"मावशी, चल. पाया पडतो."

"थांब. एक डाव मोजू दे."

तिनं वल्हं टाकलं. एक. दुसरं टाकायला जागाच नव्हती. टोक पाण्यात गेलं.

निकेतनं कॅमेरा उचलला. त्यावर मीच आहे. त्यानं मला मुद्दाम लावलं आहे, त्याच दारात, तसाच गुडघ्यावर बसून. पुढे पाणी, मध्ये पाणी, मागे पाणी. मी सगळा जोर लावते आहे, पण ढकलायला लांबचं काही उरलेलंच नाही.

साहेब, माझ्यावर विश्वास ठेवू नका. स्वतः या. येताना टेप विसरलात तरी चालेल, तुळशीचं वल्हं इथंच आहे.

पायरी बुडाली. निकेतचे गुडघे भिजले आहेत, आणि माझ्या काचेवर पहिला खारा थेंब आला आहे.