पाटावरची निम्मी फळी

मी एक जुनी फळी आहे. खरे सांगायचे तर निम्मी फळी आहे. मित्रांनो, शाळेच्या ओट्यावर ज्या फळीवर बसून तुम्ही पाढे म्हणता, ती मीच. मला दोन दगडांवर आडवे टाकले आहे. माझ्या एका टोकाला अर्ध्या चंद्रासारखी खाच आहे. तुम्ही तिच्यात दप्तराचा बंद अडकवता. ती खाच म्हणजे एका गोल भोकाचा अर्धा भाग. दुसरा अर्धा दुसऱ्या तुकड्याबरोबर गेला. माझी निम्मी आठवणही तिकडेच गेली. म्हणून ही गोष्ट मध्येच कुठे तुटेल. तुटली की मी तसे सांगेन.

काल गुरुजी तुम्हाला इतिहास शिकवत होते. ते म्हणाले, "किल्ला ज्याच्या हाती, मुलूख त्याच्या हाती." मी किल्ला कधी पाहिला नाही. पण किल्लीची लढाई पाहिली आहे. किल्ली किल्ल्याहून पुष्कळ लहान असते. भांडण मात्र तेवढेच मोठे होते.

खाली

मी पिंपळनेरकडच्या जंगलातला साग. छगन सुताराने मला एका दिवसात तासले, मधोमध वरच्या अंगाला एक भोक पाडले आणि पांझरा नदीच्या पाटावर, दोन दगडी खाचांमध्ये उभे बसवले.

तिथे पाटाला फाटा फुटतो. मी खाली बसले की पाणी अडते आणि वळून वरच्या फडात जाते. मला वर उचलले की पाणी सरळ पुढे धावते आणि खालच्या फडात जाते. फड म्हणजे एकाच पाण्यावर भिजणाऱ्या शेतांचा पट्टा. आठ दिवस मी खाली, आठ दिवस वर. एवढेच माझे काम होते.

मला उचलायचा अधिकार एकट्या वना पाटकऱ्याला होता. वनाजवळ वीतभरही जमीन नव्हती, आणि म्हणूनच त्याला पाटकरी नेमले होते. आमच्या पाटावर एक जुना नियम होता. तान्ह्या पोरालाही तो पाठ असे:

"ज्यानं वावर, त्याना हात नही."

ज्याचे शेत आहे, त्याने पाण्याला हात लावायचा नाही. शेतकऱ्याने बांधावर उभे राहावे, हवे तर वनाला शिव्या द्याव्यात, पण फळीला शिवू नये. सुगीला दोन्ही फडांतून वनाला धान्य मिळे. तो मला उचलताना दर वेळी म्हणे, "ऊठ वं माय, आते त्यासनी पाळी." म्हातारे कौतुकाने म्हणत, "ही फळी नही, न्यायाधीश शे." मला ते खरे वाटे. आता कळते, न्यायाधीश मी नव्हते. वनाचा कोरा सातबारा न्यायाधीश होता.

अडकलेली

सन एकाहत्तरला पाऊस कमी झाला. नदीची धार बारीक झाली आणि माणसांचे आवाज मोठे झाले.

वरच्या फडाचे पुढारी धनसिंगभाऊ. अंगाने दांडगे, मनाने वाईट नाहीत. पण त्यांना एक संशय चावला. वनाने खालच्या फडाला एक दिवस जास्त दिला, असे ते म्हणू लागले. त्यावर पंचांची बैठक भरली. ती डाव्या काठावर भरली. मी उजवा तुकडा, पायवाटेकडचा. तिकडे कोण काय बोलले, ते डाव्या तुकड्याला ठाऊक. माझ्यापर्यंत एवढेच पोहोचले की बैठक उठली आणि वना खांद्यावर रिकामे फावडे टाकून, माझ्याकडे न बघता निघून गेला. दुसऱ्या दिवसापासून तो गावाबाहेर रस्त्याची खडी फोडू लागला.

मग मला कोण उचलणार? वरच्यांचा खालच्यांवर विश्वास नव्हता. खालच्या फडाचे पुढारी अभिमनभाऊ. त्यांचा वरच्यांवर नव्हता. शेवटी असे ठरले की माझ्या भोकातून साखळी ओवायची, ती दगडातल्या कडीला बांधायची आणि तिला दोन कुलपे लावायची. एक किल्ली धनसिंगभाऊंकडे, एक अभिमनभाऊंकडे. दोघे हजर असले तरच फळी हलणार.

बाजाराच्या गावाहून मुख्तारभाई आले. ते कुलपे, कंदील, स्टोव्ह, सगळे दुरुस्त करत. त्यांनी साखळीच्या एका टोकात एक कुलूप घातले, दुसऱ्या टोकात दुसरे घातले आणि दोन्ही कुलपे एकमेकांत अडकवून खटकन बंद केली. सर्वांनी ओढून पाहिले. साखळी पक्की होती. सर्व खूश झाले. दिवाळी दोन दिवसांवर होती.

त्या दिवसापासून ज्यांचे शेत, त्यांचेच हात मला लागू लागले. दर आठ दिवसांनी धनसिंगभाऊ आणि अभिमनभाऊ समोरासमोर बसत, एकमेकांच्या बोटांवर नजर ठेवत आणि एकदमच किल्ल्या फिरवत. एकाने आधी उघडले तर तो नमला असे होईल ना! धनसिंगभाऊ आपली किल्ली कमरेच्या करगोट्याला बांधत. अंघोळ करतानाही सोडत नसत. पोरे म्हणत, "भाऊनं कुलूप पाटवर, नि जीव कंबरमा."

असे दहा वेळा झाले.

अजून खालीच

अकराव्या वेळी धनसिंगभाऊ आले नाहीत.

माघ महिना होता. वरच्या फडाची पाळी संपली होती. आठचे नऊ दिवस झाले, नवाचे दहा. मी खालीच होते. माझ्या एका अंगाला पाणी थपथपत होते आणि दुसऱ्या अंगाचा चिखल वाळून भेगा पडत होत्या. अभिमनभाऊ बोलवायला गेले तर धनसिंगभाऊ म्हणाले, "धार बारीक शे. मना फडनं पोट भरनं नही. भरनं की मी येस."

खालच्या फडाच्या अगदी शेवटी ताईबाईंचे शेत. पाणी सर्वांत शेवटी तिथे पोहोचे. नवरा वारलेला, घरात सासू आणि दोन मुली. तेवढ्या एका तुकड्यावर चौघींचे वर्ष निघे. गहू दुधात आला होता. अशा वेळी एक पाणी मिळाले तर दाणा भरतो. नाही मिळाले तर ओंबीत नुसते फोलपट राहते. ताईबाई रोज सकाळी पायवाटेने येत, वाळलेल्या बाजूकडे बघत आणि जात. मला त्यांनी कधी शिव्या दिल्या नाहीत.

अकराव्या दिवशी ऐन दुपारी अभिमनभाऊ काही माणसांसह माझ्याजवळच निंबाखाली बसले होते. तक्रारीचा अर्ज कोणाच्या नावाने लिहायचा, यावर वाद चालला होता. ताईबाई आल्या.

"अभिमनभाऊ, तुमनी किल्ली द्या."

"एक किल्ली काय करी, अक्का?"

"तुमनं कुलूप तरी उघाडीसन ठेवस. धनसिंगभाऊ येतीन की तेवढाच टाइम वाची."

कोणीतरी हसले. "ले अक्का, ले. बसेल बसेल आम्हनीबी करमणूक व्हई."

अभिमनभाऊंनी किल्ली दिली आणि ते पुन्हा अर्जाकडे वळले. ताईबाई खाली बसल्या. त्यांनी किल्ली फिरवली, अभिमनभाऊंचे कुलूप उघडले आणि ओढून काढले.

साखळी सळसळत खाली पडली.

धनसिंगभाऊंचे कुलूप तिच्या एका टोकाला लोंबत होते. बंद. अगदी जसेच्या तसे.

मित्रांनो, त्या क्षणी मी मोकळी होते. मला उचलायला बाईमाणसाची ताकदही पुरली असती. ताईबाईंचे दोन्ही हात माझ्यापासून वीतभर अंतरावर आले. मला त्यांच्या बांगड्यांचा आवाज ऐकू आला. त्यांचा गहू दुधात होता. निंबाखालचे सर्व उठून उभे राहिले. एक जण ओरडला, "उचल अक्का! बघस काय!"

ताईबाईंनी हात मागे घेतले आणि पदराला पुसले, ओले नसतानाही.

"मनं वावर शे," त्या म्हणाल्या. "कोनी हात लावू नका. तुमनंबी वावर शे."

आणि त्या रस्त्याकडे चालू लागल्या. उन्हात, भरभर. मी वाट पाहत राहिले. पुढारी आणि माणसे, अर्ज हातात धरून, एका सुटलेल्या फळीभोवती उभी राहिली. तेवढा वेळ आमच्या पाटावर कोणाचेच राज्य नव्हते.

ताईबाई वनाला घेऊन आल्या. त्याच्या भुवयांवर खडीची धूळ होती.

"कोन उघाडं?" त्याने विचारले.

"मी. पन फळीले हात लावा नही. आते तुनं काम."

वना माझ्याजवळ वाकला. "ऊठ वं माय," तो म्हणाला, "आते त्यासनी पाळी."

वर

पाणी निघाले तसे धनसिंगभाऊ धावत आले. "मनं कुलूप कोनी तोडं?"

"तुमनं कुलूप तर बंद शे, भाऊ," वना म्हणाला आणि साखळी त्यांच्या हातात दिली.

त्यांनी कुलूप उलटेसुलटे करून पाहिले. हलवून पाहिले. कमरेची किल्ली चाचपली. किल्ली होती, कुलूप बंद होते आणि पाणी चालले होते.

दुसऱ्या दिवशी पंच जमले, या वेळी माझ्या काठावर. ताईबाईंची पुढची पाळी कापा, असे वरच्या फडाचे म्हणणे होते. मुख्तारभाईंना बोलावले होते. ते जरा घाबरलेले, जरा रागावलेले होते.

"भाऊ, दोन कुलपं लाव म्हणाले, दोन लावली. एक बी कमी नाही लावलं."

"पन एकच उघाडं तरी साखळी सुटस!"

"सुटणारच. कुलपात कुलूप घातलं ना. दोन्ही उघडल्याशिवाय सुटू नये असं पाहिजे होतं, तर तसं सांगायचं. तुम्ही सगळे भांडत होते. मला वाटलं, दोघांपैकी एकाला तरी उघडता आलं पाहिजे."

अभिमनभाऊ पहिल्यांदा हसले. मग बाकीचे. धनसिंगभाऊ हसले नाहीत. ते हळूच म्हणाले, "म्हनजे मीबी कवयबी उघाडी सकतू? एकला?"

"दिवाळीपासून," मुख्तारभाई म्हणाले.

धनसिंगभाऊ ताईबाईंकडे वळले. "तुमना हात जवळ व्हता. उचली का नही?"

ताईबाई म्हणाल्या, "मी उचलती तं सांजले तुम्ही खाली टाकता. रातले अभिमनभाऊ वर करतात. मना गहू तठे शेवटले शे, भाऊ. मले पाळी पाहिजे. फळी काय करू?"

यावर धनसिंगभाऊ उठले आणि पाट ओलांडून पलीकडे, एकटेच जाऊन बसले. काही पुटपुटलेही. ते डाव्या तुकड्याने ऐकले. मी नाही. परत आले तेव्हा त्यांनी करगोट्याची किल्ली सोडली, आपले कुलूप उघडले आणि साखळीसकट मुख्तारभाईंच्या हातात ठेवले. वनाला म्हणाले, "फावडं कथं शे तुनं?"

ताईबाईंच्या शेतावर पाणी तिसऱ्या दिवशी पोहोचले. दाणा भरला. सुगीला त्यांनी वनाला धान्य दिले, आणि जाता जाता माझ्या भोकाभोवती कुंकवाचे बोट फिरवले.

निम्मी

पुढे पाटावर लोखंडी दार आले. वर फिरवायचे चाक. माझी गरज संपली. मी दीड पावसाळा गवतात पडून होते. वाळवी एका कडेने चढू लागली होती. मग गावाला एकाएकी माझी आठवण झाली. आठवण म्हणून फळी कोणी न्यायची, वरच्या फडाने की खालच्या? चार दिवस भांडण झाले. पाच वर्षांनीही माणसे तीच होती, मित्रांनो. शेवटी छगन सुताराला बोलावले. त्याने भोकाच्या मधोमध खूण केली. म्हणाला, "घडाले पुरा दिवस लागना व्हता," आणि करवत चालवली. डावा तुकडा धनसिंगभाऊंच्या ओट्यापुढे गेला. मी खालच्या फडाकडून इथे शाळेत आले.

वना आता म्हातारा झाला आहे. नातीला न्यायला येतो, तेव्हा माझ्यावर बसतो. त्याचा अंगठा आपोआप त्या अर्ध्या भोकात जातो आणि थांबतो.

मला तेल लावा, वाळवीपासून जपा, हे मी सांगणार आहेच. सागालाही ऊन-पाऊस सोसतो असे नाही. पण मला जपण्याआधी तो नियम जपा. उद्या तुमच्या हाती कसली ना कसली किल्ली येईल. कपाटाची येईल, गावाची येईल, कदाचित याहून मोठ्या दाराची. ती फिरवण्याआधी स्वतःला एवढे विचारा: यात माझे वावर आहे का? असेल तर वनाला बोलवा.

घंटा झाली. उठा आता. पण दोन्ही टोकांचे एकदम उठा. मी निम्मी आहे. एकाच बाजूला वजन राहिले की कलते.