कच्च्या प्रतीतला तारा

पडद्यामागे घंटा वाजली आणि टायरच्या दुकानावरचा तो हॉल एकदम उठून उभा राहिला. दोन खुर्च्या आडव्या झाल्या, कुणाचा तरी चष्मा कुणाच्या तरी पायाखाली आला, पण खाली बघायला कुणाला फुरसत नव्हती. पडद्याच्या फटीतून एक हात बाहेर आला. हातात कागद होता. गगनबाबांनी मिटल्या डोळ्यांनीच तो घेतला, कपाळाला लावला आणि पुढच्या रांगेतल्या लाँड्रीवाल्या काकूंच्या हातात ठेवला.

"हात लावून बघा. वरून आलाय, अजून निवलेला नाही."

काकूंनी हात लावला. कागद खरंच ऊन होता. काकूंना रडू फुटलं, ते बघून शेजारणीला फुटलं, आणि मग तो कागद हातोहात फिरू लागला. जो तो गालाला लावून बघतोय. आता प्रिंटरमधून नुकताच निघालेला कागद ऊनच असतो, त्यावर आकाश छापा नाहीतर विजेचं बिल. पण हे तिथे बोलायची सोय नव्हती. बोलले असते तर लोकांनी मला जिन्यावरून खाली पोचवलं असतं.

बाबांच्या अंगात निळा झगा होता, त्यावर टिकल्या, आणि टिकल्यांतल्या निम्म्या गळलेल्या. त्यांचं शास्त्र अगदी सोपं. माणूस गेला की कुठे जातो? वर. वर काय असतं? तारे. मग माणूस काय होतो? "तारा," हॉल एका सुरात म्हणायचा. या हिशोबानं पोराच्या हातून सुटलेला फुगासुद्धा तारा व्हायला हवा, पण ते असो. तुम्ही फक्त माणूस गेला ती तारीख सांगायची. बाबा समाधी लावणार, आकाश पडद्यामागे उतरणार आणि एकाच कागदावर दोन फोटो देणार. आदल्या रात्रीच्या फोटोत काही नाही. गेला त्या रात्रीच्या फोटोत, आकाशाच्या त्याच तुकड्यात, एक नवा ठसठशीत ठिपका. बाबा त्याच्याभोवती लाल गोल काढून द्यायचे. सोबत एक पथ्य: एका घरचा तारा दुसऱ्या घरच्या ताऱ्याला दाखवायचा नाही, वर भांडणं लागतात.

आता मी कोण आणि तिथे काय करत होते ते सांगते. मी आकाशाच्या फोटोंच्या संग्रहात नोकरी करते. मोठी दुर्बीण रोज रात्री आकाशाचे फोटो काढते आणि ते सगळे आमच्याकडे जपून ठेवलेले असतात. कुणीही यावं, आमच्या संकेतस्थळावर तारीख आणि आकाशातली जागा टाकावी, शोधावं आणि फोटो उतरवून घ्यावा. फुकट. प्रत्येक फोटोच्या दोन प्रती असतात. एक कच्ची, म्हणजे कॅमेऱ्यानं जशी दिली तशी, आणि एक स्वच्छ केलेली, म्हणजे कॅमेऱ्याचे स्वतःचे दोष काढून टाकलेली. माझं काम मदतकक्षात. ज्यांना शोधता येत नाही त्यांच्या फोनला गोड आवाजात उत्तरं द्यायची. घरी माझा आवाज कसा असतो ते आईला विचारा.

आईपायीच तर मी त्या हॉलात होते. माझे वडील, अण्णा, जाऊन वर्ष व्हायचं होतं. दादा आईला गगनबाबांकडे घेऊन गेला आणि येताना अण्णांचा तारा फ्रेम करूनच घेऊन आला. इथपर्यंत मी तोंड मिटून होते. पण मग आईनं डोळ्याचं ऑपरेशन करायचं नाकारलं. बाबांनी सांगितलं होतं की तारा आपल्या माणसाला त्याच्या डोळ्यांवरून ओळखतो. डोळ्यात परकं भिंग बसवलं की ओळख तुटली. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या होत्या, मोतीबिंदू पुरता पिकलाय, आत दाब चढतोय, याच आठवड्यात काढला नाही तर डोळा जाईल आणि मग मीही काही करू शकणार नाही. दुसऱ्या डोळ्यानं आईला आधीच जेमतेम दिसतं. आणि ही बाई एका फ्रेमसाठी आंधळी व्हायला निघाली होती. माझ्या जिवाची नुसती काहिली होत होती.

मी फ्रेम उतरवली, कागद काढून बघितला. आमचेच फोटो. खालच्या पट्टीवरचं दुर्बिणीचं नाव कात्रीनं उडवलेलं, तेही वाकडंतिकडं. आणि तो लाल गोलातला तारा म्हणजे तर आमचा जुना ओळखीचा. आमच्या कॅमेऱ्यात एक जागा बिघडलेली आहे. झाकण लावून, मिट्ट काळोखात फोटो काढला तरी तिथे उजेड दिसतो. कच्च्या प्रतीत तो डाग असतो, स्वच्छ प्रतीत आम्ही तो पुसून टाकतो. जागचा हलत नाही आणि कॅमेऱ्यातून काढून टाकताही येत नाही, म्हणून ऑफिसात त्याला आम्ही घरजावई म्हणतो. म्हणजे आदल्या रात्रीची स्वच्छ प्रत आणि माणूस गेला त्या रात्रीची कच्ची प्रत, झाला तारा तयार.

मी हे सगळं आईला समजावून सांगितलं. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अण्णांना तू घरजावई म्हणतेस?"

दादाला सांगितलं तर तो म्हणाला, तुझं बरोबरही असेल, पण आई आता रात्री झोपते ना, मग राहू दे की. आणि आई झोपत होती हे खरंच होतं. उजेड मालवायच्या आधी ती त्या फ्रेमशी दोन शब्द बोलायची. वर्षभर त्या खोलीत मी बोलायला होते, दादा होता, पण आम्ही अण्णा नव्हतो, हे मला कळत होतं. कळत होतं आणि तरी तिच्या डोळ्याची काळजी सुटत नव्हती.

शेवटी मी तिच्याशी सौदा केला. ऑपरेशन करू की नको हे आपण अण्णांनाच विचारू. बाबांनी आणखी एक फोटो काढावा; तारा तेजस्वी आला तर हो, मंद आला तर नाही. आई कबूल झाली आणि दादा-वहिनीही आमच्याबरोबर निघाले. माझा बेत असा होता की आई फ्रेममधला कागद बरोबर आणेल, मी हॉलात दुसऱ्या कुणाचा तरी मिळवीन आणि दोन्ही शेजारी धरून दाखवीन. पण हातोहात फिरून परत आलेला कागद काकू पथ्यामुळे छातीशी धरून बसलेल्या. आणि त्यात रविवार. सुट्टीच्या दिवशी मदतकक्षाचे फोन ज्याची पाळी असेल त्याच्या मोबाईलवर येतात, आणि पाळी माझी होती. आठवडाभर फोन नुसते धो धो चालले होते, कारण आमच्या साहेबांनी हौसेनं शोधाचं पान नवं केलं होतं आणि जुन्या गिऱ्हाइकांची पार त्रेधा उडाली होती.

काकूंचं झाल्यावर आईचा नंबर लागला. तिनं प्रश्न सांगितला. बाबांनी समाधी लावली. समाधी लांबली. बाबा एक डोळा किलकिला करून पडद्याकडे बघून घ्यायचे आणि पुन्हा मिटायचे. "आकाशात आज गर्दी आहे," ते म्हणाले. तेवढ्यात माझा मोबाईल वाजला. अख्ख्या हॉलनं मला डोळ्यांनी खाल्लं. पण नोकरी ती नोकरी. मी मान खाली घालून फोन घेतला.

"मॅडम, जरा अर्जंट आहे," पलीकडून कुजबुज आली. "तारीख टाकली, जागा टाकली, पण शून्य फोटो सापडले म्हणतंय. इथे माणसं खोळंबलीत."

मला ते वाक्य दोनदा ऐकू आलं. एकदा पडद्यामागून आणि लगेच एकदा फोनमधून. मग मात्र मी मोबाईलचा आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा केला आणि हात उंच धरला.

"पहिला आकडा कुठल्या मापात टाकलात?" मी माझ्या सगळ्यांत गोड आवाजात विचारलं. आकाशातली जागा सांगायला दोन आकडे लागतात, नकाशावर अक्षांश-रेखांश लागतात तसे, आणि त्यातला एक तासांत सांगायची जुनी रीत आहे.

"तासांत. नेहमी तसाच टाकतो. साडेपाच."

"नव्या पानावर अंशांत लागतो. पंधरानं गुणा."

पडद्यामागे खुडबुड झाली. मग फोनमधून आणि पडद्यामागून एकदमच आलं, "सासरेबुवा, कॅल्क्युलेटर कुठे ठेवलाय?"

बाबांचे दोन्ही डोळे उघडले. मागच्या रांगेतले एक निवृत्त कारकून सवयीनं बोलून गेले, "साडेब्याऐंशी."

"साडेब्याऐंशी. आले, आले फोटो. थँक्यू हां मॅडम. आता ती कच्ची प्रत या नव्या पानावर कुठे ठेवलीय? स्वच्छ केलेली नको. तिच्यात आमचा ठिपका पुसला जातो."

"कुठला ठिपका?"

"तो नाही का, डावीकडे खालच्या कोपऱ्याशी असतो. सगळ्या फोटोंत तिथेच. त्याच्याभोवतीच तर आम्ही गोल काढतो."

तेवढ्यात पडद्यामागे प्रिंटर घरघरला, ठरल्याप्रमाणे घंटा वाजली आणि फटीतून तो हात कागद घेऊन बाहेर आला. या वेळी कागद घ्यायला कुणीच पुढे होईना. हात बराच वेळ तसाच हवेत राहिला, मग त्यानं चाचपून बघितलं आणि हळूच आत गेला. पहिली फसकन हसली ती आमची वहिनी.

आता कुणालाही वाटेल की संपलं. कसलं काय. बाबा मुरलेले होते. त्यांनी हात वर केला आणि शांतपणे म्हणाले की संगणक हे नुसतं वाहन आहे. जावयानं वाहन हाकलं म्हणून आत बसलेला आत्मा खोटा ठरतो का? आणि गंमत म्हणजे माना डोलल्या. दादाचीही डोलली. म्हणून मी म्हटलं, ठीक आहे, आत्मे बघू. ज्याचा त्याचा कागद आणा आणि खिडकीच्या काचेवर एकावर एक ठेवा. भांडणं लागली तर मी सोडवीन. काकूंनी नाक पुसलं, बाबांकडे एकदा बघितलं आणि सगळ्यांत आधी त्याच आल्या. मग कारकून आले, मग बाकीचे.

बाहेर ऊन रणरणत होतं. काचेला टेकवलेल्या कागदांतून उजेड आरपार येत होता. खरे तारे प्रत्येक कागदावर वेगळे, त्यांचा नुसता गोंधळ झाला. पण लाल गोल गोलावर बसला आणि ठिपका ठिपक्यावर. काकूंचे वडील, कारकुनांची बायको, आमचे अण्णा, सगळे एकाच जागी. काकू मान हलवत राहिल्या. बाबांच्या खुर्चीवर आता फक्त दोन टिकल्या होत्या. बाबा मागच्या दारानं जावयासकट पसार झाले होते.

मी आईला काचेपाशी आणलं. म्हटलं, बघ. आई नाक काचेला लागेपर्यंत वाकली. डोळे बारीक केले, मोठे केले.

"मला काहीच दिसत नाही," ती म्हणाली.

मी कपाळावर हात मारला. जो पुरावा पटला तर ती ऑपरेशन करणार, तो पुरावा दिसायलाच ऑपरेशन हवं. सगळे तिला सांगायला लागले, अहो खरंच तसंच आहे, आम्ही बघतोय ना. आई कुणाचं ऐकेना.

"बाबांनी सांगितलं ते मी ऐकून घेतलं, आता तुमचं ऐकून घेऊ?" ती म्हणाली. "हे कागद मला द्या. मी डोळा करून येते आणि माझी मी बघते."

माझ्या नोकरीत मी पुष्कळ हुशार माणसांशी बोलले आहे, पण याहून शहाणं वाक्य ऐकलेलं नाही. डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्याच दिवशी भिंग बसवलं.

पट्टी निघाली आणि बाईंनी परवानगी दिली तशी आईनं कागदांचा गठ्ठा मागितला. स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभं राहून एकेक कागद काचेवर चढवला. घाई नाही काही नाही. सगळे लावून झाल्यावर ती कितीतरी वेळ त्या एका ठिपक्याकडे बघत राहिली. मग तिला हसू आलं.

"एवढी माणसं एका ठिपक्यात? घरी दोन पाहुणे आले तरी अण्णांना गर्दी वाटायची."

हसता हसता ती रडायला लागली आणि मीही. मला तेव्हा जिंकल्यासारखं अजिबात वाटत नव्हतं. तिच्याजवळून काहीतरी गेलं होतं आणि ते मी नेलं होतं. डोळे पुसून तिनं विचारलं, त्या रात्री वर खरं काय होतं, ते आहे का तुमच्याकडे? मी म्हटलं, आहे. संगणक उघडला, अण्णा गेले ती तारीख टाकली, जागा टाकली, अंशांत टाकली, आणि स्वच्छ प्रत उतरवून तिच्या पुढ्यात ठेवली. त्यात अण्णा नव्हते. फक्त तारे होते, असतात तिथेच असलेले, त्या रात्री त्यांचा जो उजेड इथे पोचला तो तसाच जपून ठेवलेला. आईनं स्वतःच्या नव्या डोळ्यानं तो फोटो कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत बघितला.

एवढंच सांगायचं आहे. आकाश कुणाच्या पडद्यामागे नाही. ते उघडं आहे आणि त्याचे फोटोही सगळ्यांना उघडे आहेत. कुणी चमत्कार हातात ठेवला तर कपाळाला लावण्याआधी शेजाऱ्याच्या चमत्काराशी ताडून बघा, आणि ताडून बघायचं नाही असं जो सांगेल त्याच्याकडे तर आधी बघा. दुःख झालेल्या माणसाला फसवणं सगळ्यांत सोपं असतं, म्हणून तर या लोकांची दुकानं चालतात. तेव्हा त्या माणसाजवळ आपण बसावं. गगनबाबाला बसू देऊ नये.

आई अजूनही रात्री उजेड मालवायच्या आधी अण्णांशी दोन शब्द बोलते. फ्रेम नाही, काही नाही, नुसती बोलते. मी एकदा विचारलं, आता कुणाकडे बघून बोलतेस? तर म्हणाली, "कुणाकडे म्हणजे? त्यांनी जिवंतपणी तरी कधी वर मान करून ऐकलं होतं का माझं?"